महमूद गावान मदरसा : एका इमारतीचे बदलते उपयोग

बीदरचा महमूद गावान मदरसा आपल्या शैक्षणिक सहलींत हटकून असतो. विद्यार्थी मिनाराखाली छायाचित्र काढतात आणि किल्ल्याकडे वळतात. ‘लढाईत पडलेली इमारत’ एवढीच माहिती बहुतेकांजवळ असते, आणि तीही चुकीची.

गिलानहून व्यापारी म्हणून दख्खनमध्ये आलेला महमूद गावान पुढे बहमनी राज्याचा वजीर झाला. त्याने १४७२ मध्ये हा मदरसा बांधला. तीन मजली इमारत, मध्ये मोकळे सहन, पूर्वेकडे प्रवेशद्वार व उरलेल्या तीन बाजूंच्या मध्यभागी उंच दालने, ही तिची रचना. मशीद, कुतुबखाना, व्याख्यानाची दालने, शिक्षकांची निवासस्थाने आणि विद्यार्थ्यांच्या खोल्या एकाच छताखाली होत्या. आज ज्याला आपण निवासी महाविद्यालय म्हणतो, त्याचा हा आराखडा आहे. ज्याला त्याच्या मजहबी बाजूपुरतेच पाहायचे आहे, त्याने या खोल्या एकदा मोजून पाहाव्यात. दर्शनी भागावरील निळ्या-पिवळ्या-पांढऱ्या चिनी फरशांची नक्षी इराणी वळणाची आहे.

१४८१ मध्ये बनावट पत्राच्या आधारे गावानला मृत्युदंड दिला गेला. वास्तू मात्र उभी राहिली. १६५७ मध्ये औरंगजेबाने बीदर घेतले, तेव्हा तिचा उपयोग बदलला. काही भागात नमाज होत राहिली, काही भागात घोडदळाचा तळ पडला आणि मिनाराजवळच्या खोल्यांत दारूगोळा साठवण्यात आला. मजबूत भिंती व शहरातील मोक्याची जागा हे कारण उघड आहे. गोदामासाठी जे गुण लागतात, ते शाळेच्या इमारतीत आयतेच मिळतात. १६९६ मध्ये त्या दारूचा स्फोट झाला. वीज पडल्याने तो झाला असेही सांगतात. दर्शनी भागाचा दक्षिणेकडील मोठा हिस्सा व एक मिनार कोसळला. म्हणजे इमारत शत्रूच्या तोफेने नव्हे, आतल्या साठ्यामुळे पडली.

तिसरा उपयोग जतनाचा. निजामाच्या राज्यात १९१४ मध्ये पुरातत्त्व खाते सुरू झाले. त्याचे संचालक गुलाम यजदानी यांनी बीदरच्या वास्तूंचा तपशीलवार अभ्यास करून १९४७ मध्ये ग्रंथ प्रसिद्ध केला. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेत बीदर शहर तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेले, तर त्याच जिल्ह्यातील उदगीर, निलंगा व अहमदपूर हे तालुके मुंबई राज्यात आले. त्यामुळे मराठी शाळांच्या पाठ्यपुस्तकांतून ही वास्तू जवळजवळ निसटली, असे माझे मत आहे. आता ती भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या देखरेखीखाली आहे.

सहल नेणाऱ्या शिक्षकांनी मुलांना आधी मागच्या, पश्चिमेकडील दालनात उभे करावे. तेथे उपयोग कळतो; मिनाराखाली फक्त उंची कळते.