वीज : एक शब्द, दोन अर्थ

'वीज पडली' आणि 'वीज गेली' ही दोन वाक्ये आपण एकाच पावसाळी संध्याकाळी सहज बोलून जातो. पहिल्या वाक्यातील वीज आभाळातली, दुसऱ्यातील तारेतली. इंग्रजीत या दोहोंना अगदी निराळे शब्द आहेत. तारेतल्या शक्तीचे तिकडचे नाव तर अंबर या राळेसारख्या पदार्थाच्या ग्रीक नावावरून पडले, कारण घासलेला अंबर हलक्या वस्तू ओढून घेतो. मराठीने मात्र आभाळातलाच शब्द घरात आणला. ढगांतील वीज आणि घर्षणाने उत्पन्न होणारी वीज एकाच जातीची आहे, हे बेंजामिन फ्रँकलिन यांच्या १७५२ च्या प्रसिद्ध पतंगाच्या प्रयोगापासून जगाला ठाऊक झाले. त्या दृष्टीने मराठीची निवड शास्त्राला धरूनच आहे. बोलताना आपण 'लाइट गेली' म्हणतो ही गोष्ट वेगळी. बिल येते ते विजेचेच.

केळवे-माहीमच्या परिसराला (मुंबईतील माहीमशी याची गल्लत नको) हे दोन्ही अर्थ फार जवळचे आहेत. जूनच्या आरंभी समुद्रावरून येणारे ढग कडाडत येतात, आणि उत्तरेस तारापूरला देशातील पहिले अणुवीज केंद्र १९६९ पासून उभे आहे. म्हणूनच या स्मरणिकेसाठी आम्ही हा शब्द निवडला.

संस्कृतातील 'विद्युत्' म्हणजे विशेष चमकणारी. 'द्युत्' या धातूचा अर्थ प्रकाशणे. पाली व प्राकृतात त्याचे 'विज्जु' झाले, आणि जोडाक्षर सैल होऊन मराठीत 'वीज' उरली. गुजरातीतली 'वीजळी' आणि हिंदीतली 'बिजली' याच घरातल्या. पालीत 'विज्जु'च्या शेजारी 'विज्जा' हा शब्द येतो. दोघी सख्ख्या बहिणी वाटतात, पण तसे नाही. 'विज्जा' म्हणजे विद्या, आणि ती 'विद्' म्हणजे जाणणे या धातूपासून आली. संस्कृत कोशांत विजेची नावे अनेक. अमरकोशात दहा नावे एकत्र दिली आहेत. क्षणप्रभा, चपला, चंचला, सौदामनी, तडित् ही त्यांपैकी काही. कोशकार अमरसिंह बौद्ध होता असे परंपरा मानते. यांतली बहुतेक नावे आज कवितेत किंवा मुलींच्या नावांत उरली आहेत. 'तडित्' मात्र 'तडितरक्षक' या शब्दातून शालेय विज्ञानाच्या पुस्तकात टिकून आहे.

बौद्ध वाङ्मयात वीज दोन निरनिराळ्या कामांसाठी येते. एक, क्षणभंगुरता दाखवण्यासाठी. वज्रच्छेदिका सूत्राच्या शेवटी संस्कारित वस्तुमात्राला ज्या उपमा दिल्या आहेत त्यांत दव, बुडबुडा, स्वप्न यांच्याबरोबर वीजही आहे. दुसरा उपयोग आम्हांला अधिक मोलाचा वाटतो. अंगुत्तर निकायाच्या तिक निपातात चित्ताचे तीन प्रकार सांगितले आहेत. एकाचे चित्त चिघळलेल्या जखमेसारखे : जरा शब्द लागला की ते वाहू लागते. दुसऱ्याचे विजेसारखे : अंधाऱ्या रात्री वीज चमकली म्हणजे डोळस माणसाला जशा वस्तू दिसतात, तशी त्याला चार आर्यसत्ये यथार्थ दिसतात. तिसऱ्याचे वज्रासारखे, म्हणजे हिऱ्यासारखे : ज्याच्यापुढे ना रत्न टिकते ना दगड. येथे वीज भिववणारी नाही, दाखवणारी आहे. शांतिदेवाच्या बोधिचर्यावतारातही आरंभीच ही रात्रीची वीज आली आहे.

पण तिपिटकाला पडणारी वीजही ठाऊक होती. महापरिनिब्बान सुत्तात भगवान बुद्ध पुक्कुस मल्लपुत्ताला आतुमा येथील प्रसंग सांगतात. मुसळधार पाऊस, विजांचा लखलखाट, आणि जवळच वीज पडून दोन शेतकरी भाऊ व चार बैल दगावले. तथागत मात्र जागे असूनही ध्यानात शांत होते. तेथे चमकणाऱ्या विजेला 'विज्जुलता' आणि कोसळणाऱ्या विजेला 'असनि' असे वेगळे शब्द योजले आहेत. हा प्रसंग नेहमी समाधीचे उदाहरण म्हणून सांगितला जातो, ते योग्यच. आमचे लक्ष मात्र त्या दोन भावांकडेही जाते. वीज जमिनीवर आदळली की प्रवाह भूमीतून चहूकडे पसरतो. चार पायांवर उभ्या जनावराच्या पुढच्या-मागच्या पायांत अंतर जास्त, त्यामुळे बैलांना धोका अधिक. भारतात आजही दरवर्षी सुमारे अडीच हजार माणसे विजेने मरतात, आणि त्यांत शेतात राबणारे मोठ्या संख्येने असतात. आपल्याकडे भातकापणी आणि परतीचा पाऊस एकाच ऑक्टोबरात येतात, तेही बहुधा दुपारनंतर.

तारेतल्या विजेशी आपल्या समाजाचे एक नाते क्वचितच सांगितले जाते. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते, आणि वीज हा विषय त्यांच्याच खात्याकडे होता. २५ ऑक्टोबर १९४३ रोजी वीजविषयक धोरण समितीच्या अध्यक्षस्थानावरून त्यांनी मुबलक व स्वस्त विजेचा आग्रह धरला. विजेवाचून उद्योग नाहीत आणि उद्योगांवाचून दारिद्र्यातून सुटका नाही, ही त्यांची मांडणी होती. पुढच्याच वर्षी केंद्रीय तांत्रिक वीज मंडळ स्थापन झाले.

आता एका शब्दात दोन अर्थ नांदल्याने होणारा घोटाळा. तारेचा धक्का बसलेल्या माणसाला, प्रवाह बंद केल्याशिवाय हात लावू नये, हे आपण मुलांना बजावतो आणि ते बरोबर आहे. मात्र आभाळातली वीज पडलेल्या माणसालाही 'त्याच्यात वीज आहे' म्हणून लोक दूर उभे राहतात. ही समजूत जीवघेणी आहे. त्याच्या अंगात वीज साठून राहत नाही. अनेकदा त्याचे हृदय व श्वास थांबलेला असतो; तत्काळ छाती दाबून कृत्रिम श्वास दिला आणि १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलावली, तर तो वाचू शकतो. तीच गत पायाळू माणसावर वीज पडते, मामा-भाच्यांनी पावसात एकत्र उभे राहू नये या समजुतींची. वीज जन्म कसा झाला ते पाहत नाही आणि नातेही विचारत नाही. ती उंच, एकट्या वस्तूला गाठते. म्हणून माडाखाली वा ताडाखाली आसरा घेऊ नये. पक्के घर किंवा बंद मोटार गाठावी. होडी असेल तर वेळीच किनाऱ्याला लावावी.

लखलखाट दिसल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंतचे सेकंद मोजून तीनाने भागले की अंतर किलोमीटरांत मिळते. ते तीस सेकंदांच्या आत असेल तर घरात जावे, आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर पडू नये. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्थेने मोबाइलवर विजेची सूचना देणारे ॲप तयार केले आहे. आपल्या सभोवतालच्या वीस ते चाळीस किलोमीटरच्या टापूत वीज पडत असल्यास ते कळवते. त्याचे नाव 'दामिनी'. अमरसिंहाच्या दहा नावांत ते नाही, पण अर्थ तोच : वीज.