अनुकंपी तंत्रिकाछेदन
अनुकंपी तंत्रिका (रक्तवाहिन्यांचे आकुंचन, घाम येणे इ. अनैच्छिक क्रियांचे नियंत्रण करणाऱ्या मज्जा) कापण्याची किंवा त्यांच्या गुच्छिका (तंत्रिका कोशिकांचे पुंजके) काढून टाकण्याची शस्त्रक्रिया. सशाच्या मानेतील अशी तंत्रिका कापल्यास त्या बाजूचा कान लाल व उष्ण होतो, असे क्लोद बेर्नार या फ्रेंच शरीरक्रियावैज्ञानिकांना १८५१ च्या सुमारास आढळले. हातापायांचा रक्तपुरवठा वाढविण्यासाठी विसाव्या शतकात ही शस्त्रक्रिया प्रचारात आली, ती याच तत्त्वावर.

तिची मर्यादाही या तत्त्वातच आहे. तंत्रिकाछेदनाने वाहिनीचे आकुंचन सुटते, तीमधील अडथळा दूर होत नाही. रोहिणीकाठिण्यामुळे कठीण झालेली वाहिनी फारशी प्रसरण पावत नाही. वाढलेले रक्त मुख्यतः त्वचेकडे जाते, स्नायूंकडे नाही. त्यामुळे पाय उबदार झाला, तरी चालताना पोटरीत येणारा गोळा बहुधा कायम राहतो. मधुमेहात या तंत्रिका पुष्कळदा आधीच निकामी झालेल्या असतात, म्हणून लाभ आणखी कमी. तंबाखूशी निगडित असलेल्या बर्गर रोगात विडी-सिगारेट सोडल्याशिवाय शस्त्रक्रियेचा टिकाऊ उपयोग होत नाही; हे रुग्णाला पटविणे शस्त्रक्रियेहून अवघड असते. रेनो विकारात हातांची लक्षणे बहुधा काही महिन्यांत वा वर्षांत परततात.

तळहातांच्या अतिघामावर मात्र परिणाम तत्काळ व बहुधा पूर्ण होतो. पण त्यानंतर पुष्कळ रुग्णांना पाठ, पोट व मांड्या यांवर पूर्वीपेक्षा अधिक घाम येऊ लागतो. काहींत तो इतका असतो की, दिवसातून अनेकदा कपडे बदलावे लागतात व मूळचा विकार बरा होता, असे त्यांना वाटते. हा त्रास कोणाला किती होईल, हे आधी सांगता येत नाही. कापलेली तंत्रिका पूर्ववत करण्याचा खात्रीचा उपाय नाही. चिमटा लावून दाबलेली तंत्रिका चिमटा काढल्यावर पुन्हा कार्य करीलच, असेही नाही.

मानेलगतच्या गुच्छिकेस इजा झाल्यास पापणी खाली येते व बाहुली लहान होते. छातीत हवा साठणे, नाडी मंदावणे, तंत्रिकाशूल हे अन्य धोके होत. कंबरेतील वरच्या गुच्छिका दोन्ही बाजूंनी काढल्यास पुरुषात वीर्यस्खलन बंद पडू शकते. अपत्येच्छू रुग्णास हे आधी सांगितलेच पाहिजे.

रोहिणीतील अडथळ्यावर आता फुग्याने वाहिनी रुंदावणे किंवा पर्यायी वाहिनी जोडणे हे उपचार उपलब्ध आहेत. घामावर ॲल्युमिनियम क्लोराइडाचा लेप, पाण्यातून सौम्य विद्युत् प्रवाह देणे व बोट्युलिनम विषाची अंतःक्षेपणे आधी वापरतात.