अर्पण तिथेच ठेवून

रविवारची उपासना आटोपली की मंडळी बाहेर येते आणि ‘आज उपासना छान झाली’ असे कुणीतरी म्हणतेच. म्हणजे गायन सुरात झाले, उपदेश मनाला भिडला. ते हवेच. पण बायबलची कसोटी याहून कडक आहे. गरिबाला नाडणाऱ्यांचे सण आणि गाणी देवाला नकोशी होतात, असे आमोस संदेष्ट्याने बजावले. येशू तर थेट वेदीपाशी आलेल्या माणसाला थांबवतो. भावाच्या मनात तुझ्याविषयी काही आहे असे आठवले, तर अर्पण तिथेच ठेव, आधी जाऊन समेट कर. यात चूक कोणाची, हे तो विचारतच नाही. मला हीच अट सर्वांत अवघड वाटते.

पौलाने रोमकरांस लिहिलेल्या पत्रात आपले शरीरच जिवंत अर्पण म्हणून द्यायला सांगितले. ते कसे द्यायचे, हे पंडिता रमाबाईंच्या केडगावात दिसते. तरुणपणी दुष्काळात त्यांचे आईवडील गेले होते. १८९६-९७ साली मध्य प्रांतात दुष्काळ पडला, तेव्हा त्या स्वतः तिकडे गेल्या आणि निराधार मुली-विधवांना घेऊन आल्या. केडगावच्या त्यांच्या मुक्ती सदनात या मुली शेती, विणकाम, छपाई शिकल्या. अंध मुलींना ब्रेल शिकवले गेले. याच सदनातल्या मुली १९०५ साली रडत, मोठ्याने, एकत्र प्रार्थना करत होत्या. त्या प्रार्थनेची आठवण ख्रिस्ती जगाने जपली; तिच्यामागची शेते आणि छापखाना तितका सांगितला जात नाही, याची खंत वाटते. रमाबाई हिब्रू-ग्रीक शिकल्या, साध्या बायकांना कळेल अशा मराठीत बायबल आणण्यासाठी. १९२२ साली त्या गेल्या तोवर भाषांतर हातावेगळे झाले होते, आणि त्याचे खिळे जुळवले सदनातल्याच स्त्रियांनी. यातली उपासना कोणती आणि समाजसेवा कोणती, अशी वाटणी मला करता येत नाही.

आपल्याकडे मात्र जमिनीवरून, पदांवरून वर्षानुवर्षे अबोला धरलेली माणसे एकाच मेजापाशी प्रभुभोजन घेतात. प्रभुभोजनाच्या आधीचा आठवडा पाळकांनी समेटासाठी राखून ठेवावा, आणि सर्वांत आधी मंडळीच्या पंचांनी एकमेकांच्या घरी जावे.