गोदामासाठी मोबाइल ॲप निवडताना

गोदामातल्या मोबाइल ॲपचे मूळ काम एकच असते. माल जिथे हलतो तिथेच आणि हलतो त्याच क्षणी त्याची नोंद व्हावी. कागदी पद्धतीत गाडीतून पेट्या उतरल्या की सुपरवायझर चलनावर खुणा करतो, संध्याकाळी ते चलन ऑफिसात जाते आणि ऑपरेटर ते टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये चढवतो. दुपारी उतरलेला माल रात्रीपर्यंत संगणकाच्या लेखी गोदामात नसतोच. तोवर विक्री विभागाने ‘स्टॉक नाही’ सांगून एखादी ऑर्डर परत पाठवलेली असते. मधले हे काही तास नाहीसे करण्यासाठी ॲप घ्यायचे, आणि त्याची पारखही याच कसोटीवर करायची.

मुंबई-नाशिक महामार्गालगतच्या भिवंडी परिसरात ही गरज ठळकपणे दिसते. मुंबईत जकात होती तोवर शहराच्या हद्दीबाहेर माल साठवणे व्यापाऱ्यांच्या सोयीचे होते, आणि काल्हेर, पूर्णा, माणकोली, सोनाळे या गावांत गाळ्यांच्या रांगा उभ्या राहिल्या. १ जुलै २०१७ रोजी जीएसटी आला आणि मुंबईतली जकात गेली. प्रत्येक राज्यात एक छोटे गोदाम ठेवण्याचे करापुरते कारणही उरले नाही. कंपन्यांनी लहान गोदामे बंद करून मोठी एकत्र गोदामे घेतली. लहान गाळ्यात कोणता माल कुठे आहे हे जुन्या गोदामपालाच्या डोक्यात असायचे. लाख चौरस फुटांच्या उंच रॅकच्या गोदामात, हजारो प्रकारच्या मालासाठी, एका माणसाची स्मरणशक्ती पुरत नाही.

निवड बहुतेक ठिकाणी चुकीच्या टोकापासून सुरू होते. विक्रेता ऑफिसात येतो, पडद्यावर रंगीत आलेख दाखवतो आणि वैशिष्ट्यांची लांबलचक यादी पुढे करतो. त्याआधी मालाच्या एका पेटीमागे गोदामभर चालून पाहणे जास्त उपयोगाचे ठरते. बिस्किटांची पेटी घेतली तर गेटवर गाडीची नोंद होते, गाडी डॉकला लागते, सील तुटते, हमाल पेट्या उतरवतात, मोजणी होते, शॉर्ट आणि डॅमेज वेगळे काढले जातात, बॅच आणि एक्स्पायरी लिहिली जाते, पॅलेट रचून रॅकमध्ये जाते. पुढे ऑर्डर येते, पिकिंग, पॅकिंग, लोडिंग होते आणि शेवटी दुकानदार पावतीवर सही करतो. यातल्या प्रत्येक टप्प्यावर हात कोणाचा लागतो, काय लिहिले जाते आणि तीच गोष्ट पुन्हा कुठे लिहिली जाते, एवढे टिपले तरी ॲपकडून नेमके काय हवे याचा आराखडा तयार होतो.

या पाहणीतूनच मालाचा स्वभाव कळतो. बिस्किटे किंवा औषधे असतील तर आधी आलेला माल आधी बाहेर, हा नियम पुरत नाही. ज्या बॅचची मुदत आधी संपते ती आधी जायला हवी, मग ती गोदामात उशिरा आलेली का असेना. म्हणून पिकिंग करणाऱ्याला ॲपने रॅक क्रमांकासोबत बॅचही सांगितली पाहिजे आणि चुकीची बॅच स्कॅन झाली तर तिथेच अडवले पाहिजे. टाइल्सच्या गोदामात एक्स्पायरी नसते, पण रंगछटेचा शेड क्रमांक असतो. एकाच खोलीसाठी दोन शेडचा माल गेला तर फरशी बसवल्यावर फरक उठून दिसतो आणि तक्रार थेट गोदामापर्यंत येते. कपड्यांत साइझ आणि रंग मिळून एकाच डिझाइनचे अनेक प्रकार होतात. मालाचा फक्त एकूण साठा दाखवणारे ॲप यातल्या कोणत्याही गोदामाला पुरणार नाही.

नोंद वेगाने व्हावी म्हणून बारकोड असतो. दुकानात बारकोड स्कॅन करून विकलेली पहिली वस्तू म्हणजे च्युइंगगमचे एक पाकीट. २६ जून १९७४ रोजी अमेरिकेतल्या ओहायो राज्यात, ट्रॉय गावच्या सुपरमार्केटमध्ये ते विकले गेले. भारतात बारकोडचे क्रमांक देणाऱ्या जीएस१ इंडिया या संस्थेकडे नोंदणी केलेल्या कंपन्यांच्या बारकोडची सुरुवात ८९० या अंकांनी होते. मात्र या नेहमीच्या तेरा अंकी कोडमध्ये फक्त वस्तूची ओळख असते. बॅच, एक्स्पायरी त्यात नसते. ती माहिती कोडमध्येच हवी असेल तर पेटीवर लांब स्वरूपाचा जीएस१-१२८ बारकोड लागतो किंवा चौकोनी कोड. अशा चौकोनी कोडपैकी क्यूआर कोड १९९४ मध्ये जपानच्या डेन्सो कंपनीत मोटारींच्या सुट्या भागांचा माग ठेवण्यासाठी जन्मला, म्हणजे तो मूळचा कारखाना-गोदामातलाच. पुरवठादारांच्या पेट्यांवर असा कोड नसेल तर आवक होतानाच स्वतःचे लेबल छापून चिकटवावे लागते. म्हणून ॲपला लेबल प्रिंटर जोडता येतो का, हा प्रश्न आधी विचारायला हवा. तो राहून गेला तर कामगार प्रत्येक पेटीची बॅच बोटाने टाइप करत बसतो आणि महिनाभरात कागद परत येतो.

स्कॅन कशाने करायचे, हाही पैशाचा आणि वेळेचा प्रश्न आहे. साध्या मोबाइलचा कॅमेरा स्वस्त पडतो, पण त्याला फोकस करायला वेळ लागतो आणि अंधाऱ्या गल्लीत किंवा चुरगळलेल्या लेबलवर तो अडतो. हँडहेल्ड यंत्रात स्वतंत्र स्कॅन इंजिन असते. बटण दाबताच कोड वाचला जातो, आणि लांब पल्ल्याचे इंजिन घेतले तर वरच्या रॅकचे लेबल खाली उभे राहून वाचता येते. दिवसाला थोडेच स्कॅन होणाऱ्या गाळ्यात मोबाइल चालतो. पिकिंगवाला दिवसभर स्कॅनच करत असेल तर हँडहेल्डला पर्याय नाही. पूर्वीची बहुतेक हँडहेल्ड यंत्रे विंडोजच्या छोट्या आवृत्त्यांवर चालत. त्यांतल्या शेवटच्यांपैकी ‘विंडोज एम्बेडेड हँडहेल्ड ६.५’चे साहाय्य मायक्रोसॉफ्टने जानेवारी २०२० मध्ये थांबवले आणि हे क्षेत्र जवळजवळ पूर्णपणे अँड्रॉइडवर आले. त्यामुळे यंत्र घेताना अँड्रॉइडचे सुरक्षा अपडेट किती वर्षे मिळणार, हे विचारणे गरजेचे आहे. यंत्रावरचा आयपी ६५ किंवा आयपी ६७ हा आकडाही वाचावा. पहिला ६ म्हणजे धूळ आत जात नाही. पुढचा ५ म्हणजे पाण्याचा फवारा आणि ७ म्हणजे मीटरभर पाण्यात अर्धा तास सहन होते. शीतगृहात आणखी एक अडचण असते. उणे तापमानातून बाहेरच्या दमट हवेत येताच स्कॅनरच्या काचेवर बाष्प धरते, आणि गारठ्यात बॅटरीही लवकर उतरते. अशा कामासाठी वेगळी यंत्रे मिळतात. साधे यंत्र तिथे देऊन चालत नाही.

सर्वात मोठी कसोटी मात्र नेटवर्कची आहे, आणि ऑफिसातल्या प्रात्यक्षिकात नेमकी तीच दिसत नाही. पत्र्याचे छप्पर, लोखंडी रॅक आणि द्रवाने भरलेल्या पेट्या वायफायच्या लहरी अडवतात किंवा परतवतात. गोदाम रिकामे असताना बसवलेले वायफाय माल भरल्यावर कोपऱ्याकोपऱ्यात दम तोडते. म्हणून गोदामाचे ॲप नेटवर्कशिवायही चालले पाहिजे. नोंद आधी यंत्रातच साठावी आणि संपर्क आला की आपोआप सर्व्हरवर जावी.

‘ऑफलाइन चालते’ असे जवळजवळ प्रत्येक विक्रेता सांगतो. खरा प्रश्न त्यानंतरचा आहे. समजा, डॉकवर चाळीस पेट्या स्कॅन झाल्या आणि ‘सबमिट’ दाबताना नेटवर्क गेले. नोंद सर्व्हरवर पोहोचली, पण पोहोचल्याचा निरोप यंत्राकडे परत आला नाही. पडदा अडकलेला पाहून कामगाराने पुन्हा बटण दाबले. कच्च्या ॲपमध्ये आता साठा ऐंशी पेट्यांचा झाला. नीट बांधलेल्या ॲपमध्ये प्रत्येक नोंदीला यंत्रच एक वेगळा क्रमांक देते, आणि तोच क्रमांक दुसऱ्यांदा आला तर सर्व्हर तो मोजत नाही. दुसरा प्रसंग त्याहून अवघड आहे. दोन पिकर दोन गल्ल्यांत नेटवर्कबाहेर आहेत, आणि दोघांच्याही यादीत एका मालाची शेवटची पेटी आहे. काम वाटून देतानाच ती पेटी एकाच्या नावावर राखून ठेवली गेली असेल तर गोंधळ होत नाही. राखली नसेल तर दुसरा रिकाम्या जागेपाशी जाऊन उभा राहतो आणि ऑर्डर अडते. हे दोन्ही प्रसंग विक्रेत्यासमोर मुद्दाम घडवून पाहावेत. फोन ‘एअरप्लेन मोड’वर टाकून दहा मिनिटांत ही परीक्षा होते, आणि वैशिष्ट्यांच्या यादीतून जे कळत नाही ते तिच्यातून कळते.

ॲप वापरणारा माणूस हातमोजे घालून, एका हाताने पेटी धरून, घामाघूम अवस्थेत पडद्याकडे पाहत असतो. त्याला मोठी बटणे, एका पडद्यावर एकच काम, आणि चूक झाली तर वेगळा आवाज व थरथर हवी. पडद्यावरची भाषा त्याला वाचता येणारी असावी. भिवंडी-चाकणच्या गोदामांत मराठी बोलणाऱ्यांबरोबर उत्तर प्रदेश आणि बिहारमधून आलेले कामगारही मोठ्या संख्येने आहेत, त्यामुळे मराठी आणि हिंदी दोन्ही असणे ही चैन नव्हे. महाराष्ट्रात १९६९ च्या माथाडी कायद्यामुळे हमाली कामाला स्वतःची चौकट आहे. उचललेल्या मालाच्या हिशेबावर मजुरी ठरत असेल तर ॲपमधला आकडा थेट कामगाराच्या कमाईशी जोडला जातो. तो आकडा त्यालाही दिसला पाहिजे. ज्या यंत्रात आपल्या कामाची नोंद होते पण ती आपल्याला दाखवली जात नाही, त्या यंत्रावर कामगाराने विश्वास का ठेवावा?

गोदामाबाहेरची व्यवस्था ॲपशी जोडली जाते की नाही, हे त्यानंतर पाहावे. हिशेब टॅलीत असो, एसएपीत असो की मुंबईत घडलेल्या ‘ईआरपीनेक्स्ट’सारख्या मुक्त प्रणालीत, तीच नोंद दोनदा टाइप करावी लागत असेल तर ॲप घेऊन काही साधले नाही. पन्नास हजार रुपयांवरच्या आंतरराज्य मालासाठी १ एप्रिल २०१८ पासून ई-वे बिल सक्तीचे आहे. त्याच्या पहिल्या भागात माल आणि दुसऱ्या भागात गाडीचा क्रमांक असतो. सर्वसाधारण मालाला दर दोनशे किलोमीटरमागे एक दिवस अशी मुदत मिळते. वाटेत गाडी बिघडून माल दुसऱ्या गाडीत चढवला तर दुसरा भाग बदलावा लागतो. मुदत वाढवायची असेल तर ती संपण्याच्या आधीच्या किंवा नंतरच्या आठ तासांतच वाढवता येते. रात्री अडीचला इगतपुरीजवळ बंद पडलेल्या गाडीसाठी हे सगळे मोबाइलवरून करता आले, तर मालकाचा दंड आणि ड्रायव्हरचा मनस्ताप वाचतो. मुदत संपत आल्याची सूचना आपोआप देणारे ॲप म्हणून जास्त मोलाचे.

ड्रायव्हरच्या फोनमधल्या ॲपबाबत एक तांत्रिक गोष्ट फार कमी खरेदीदारांना ठाऊक असते. बॅटरी वाचवण्यासाठी अँड्रॉइड मागे चालू असलेली ॲप रोखते, आणि काही कंपन्यांचे फोन तर ती बंदच करून टाकतात. शिवाय पडद्यावर नसताना स्थान पाहण्यासाठी अँड्रॉइड १० पासून वेगळी परवानगी लागते. त्यामुळे नकाशावर गाडी तासन् तास एकाच जागी दिसते आणि बोल मात्र ड्रायव्हरला लागतो. चाचणी घेताना ड्रायव्हरांकडे प्रत्यक्ष असलेले फोनच वापरावेत. पाळत किती ठेवायची, हेही आधी ठरवावे. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यानुसार माणसाचे ठिकाण टिपणे ही मालकाची मनमानी असू शकत नाही. फेरी संपली की स्थानाची नोंदही थांबली पाहिजे.

सुरुवात एका गाळ्यात, एका प्रकारच्या मालावर, कागदी नोंद समांतर चालू ठेवून करावी. दोन्ही नोंदी रोज जुळवाव्यात, आणि जुळल्या नाहीत तर कारण सापडेपर्यंत पुढे जाऊ नये. वेळ तर अजिबात चुकू नये. अमेरिकेतल्या हर्शी या चॉकलेट कंपनीने १९९९ च्या जुलैत ऑर्डर आणि वितरणाची नवी संगणक प्रणाली सुरू केली. समोर हॅलोविनचा हंगाम उभा होता. माल तयार असूनही सुमारे दहा कोटी डॉलरच्या ऑर्डरी दुकानांपर्यंत पोहोचू शकल्या नाहीत. आपल्याकडे गणपती ते दिवाळी हा तसाच काळ आहे. त्या हंगामाच्या तोंडावर कोणत्याही गोदामाने प्रणाली बदलू नये. होळीनंतरचे शांत आठवडे त्यासाठी बरे.

किंमत विचारताना दर माणसामागे, दर यंत्रामागे की दर व्यवहारामागे पैसे द्यायचे, ते समजून घ्यावे. तीन पाळ्यांत एकच यंत्र तिघे वापरत असतील तर माणसामागचा दर महागात पडतो. हंगामी कामगारांचे खाते बंद केल्यावर आकार थांबतो का, तेही विचारावे. प्रशिक्षण, लेबलचे रोल, सुट्या बॅटऱ्या, वायफायची डागडुजी हे खर्च सहसा दरपत्रकात नसतात. करारातले सर्वात महत्त्वाचे कलम मात्र शेवटचे असते. करार संपल्यावर आपल्या मालाचा, बॅचचा आणि व्यवहारांचा सगळा डेटा उघडता येईल अशा स्वरूपात, किती दिवसांत आणि किती पैशांत परत मिळेल, हे त्यात स्पष्ट लिहिलेले असावे. ते लिहून मिळेपर्यंत सही करू नये.