क्षयरोगावर घरी उपचार : एका संशोधनाची गोष्ट

आपल्या वस्तीत कधी कधी कुणी कागद घेऊन दारात येते. खोकला, ताप, पाणी, संडास यांची विचारपूस करते आणि निघून जाते. अशा पाहणीने काय होते, असे आपल्याला वाटते. आखणी नीट असेल तर पुष्कळ होते.

१९५० च्या दशकात क्षयरोग्याला सॅनिटोरियममध्येच ठेवावे, अशी समजूत होती. खाटा मोजक्या, रोगी लाखो. दाटीवाटीच्या घरात, अर्धपोटी राहणाऱ्या रोग्याला घरीच औषध दिले तर तो बरा होईल का? घरच्यांना जास्त लागण होईल का? १९५६ साली मद्रासच्या क्षयरोग केंद्राने हे प्रश्न हाती घेतले.

आधीपासून सॅनिटोरियममध्ये असलेल्यांची आणि घरी असलेल्यांची तुलना करणे सोपे होते, पण फसवे. एका गटात जास्त आजारी किंवा जास्त ऐपतीचे लोक असते, तर फरक कशामुळे पडला हे कळले नसते. म्हणून शहरातले १९३ गरीब रोगी घेतले आणि घरी कोण, सॅनिटोरियममध्ये कोण, हे चिठ्ठ्या टाकाव्यात तसे ठरवले. त्यात ना डॉक्टरची मर्जी, ना कुणाची ओळख. औषध दोघांनाही तेच, वर्षभर.

१९५९ साली निष्कर्ष छापले गेले. सॅनिटोरियममध्ये आहार आणि विश्रांती चांगली होती. तरी घरी औषध घेणारेही जवळजवळ तितकेच बरे झाले. घरच्यांना जादा धोका दिसला नाही. आज आपण क्षयाची औषधे घरी राहून घेतो, त्यामागे हे काम आहे. मात्र बरे वाटले म्हणून औषध मध्येच सोडू नये.

यातून आपण काय शिकावे? जसा प्रश्न, तशी पद्धत. आजार किती जणांना आहे हे पाहायचे तर घरोघर जावे, किंवा ठरावीक अंतराने घरे निवडावीत. रविवारी विहारात जमलेल्यांनाच विचारले, तर अंथरुणाला खिळलेला आणि कामावर गेलेला दोघेही सुटतात. लोक औषध का सोडतात हे जाणायचे तर निवांत बसून ऐकावे, ते हो-नाहीच्या रकान्यात मावत नाही. दोन उपचारांत चांगला कोणता, हे ठरवायचे तर मद्राससारखे दोन गट हवेत.

पुढच्या वेळी कुणी दारात आले, तर आपणही विचारू या : तुमचा प्रश्न कोणता? आमचेच घर का निवडले? नैतिकता समितीची परवानगी आहे का? नावे गुप्त राहतील का? निष्कर्ष आम्हाला सांगाल का? आपल्या भाषेत समजल्याशिवाय सही किंवा अंगठा देऊ नये. नकार देणे हा आपला हक्क आहे. त्यामुळे दवाखान्यातला उपचार थांबवता येत नाही. आणि पाहणी चांगली असेल, तर खरी उत्तरे द्यावीत. मद्रासच्या त्या रोग्यांचे आपल्यावर तेवढे ऋण आहे.