ब्रेक लागतात, म्हणजे ब्रेक ऑइल चांगलं आहे का?

पीएच.डी.ची तयारी करणाऱ्यांचा एक प्रश्न मला वारंवार येतो: "पुरावा म्हणजे नेमकं काय?" आज उत्तर पुस्तकातून नाही, आमच्या घरच्या गाडीतून देतो.

आम्ही अहेरीचे. आमची गाडी आलापल्ली, सिरोंचा, गडचिरोली एवढीच फिरते. रस्ता जंगलातला, खड्ड्यांचा, पण लांब उताराचा नाही. चार वर्षं ब्रेक ऑइल बदललं नव्हतं. मी विचारलं तेव्हा मेकॅनिक म्हणाला, "ब्रेक तर लागून राहिले ना भाऊ, मग कायले बदलवता?" पातळी थोडी खाली होती, त्याने वरून भरून दिली. मलाही पटलं.

दिवाळीत घरचे सगळे चिखलदऱ्याला गेलो. परतवाड्याकडे उतरताना अर्ध्या घाटात ब्रेकचं पेडल मऊ झालं, मग जवळजवळ तळाला टेकलं. मागे आई आणि बहिणीची दोन मुलं. गिअर खाली टाकत, हँडब्रेक हळूहळू ओढत गाडी कडेला घेतली. अर्ध्या तासाने पेडल पुन्हा पहिल्यासारखं कडक! गॅरेजमध्ये दाखवलं असतं तर कुणीही म्हटलं असतं, "काहीच झालेलं नाही."

नेमकं काय घडलं?

आपण 'ऑइल' म्हणतो, पण बहुतेक गाड्यांतलं हे द्रव तेल नसतं. ते ग्लायकॉल ईथर वर्गातल्या रसायनांचं असतं आणि हवेतली ओल शोषतं. रबरी नळ्यांतून, टाकीच्या झाकणातून ओल हळूहळू आत जाते. आमच्याकडे पावसाळ्यात कपडे आठ-आठ दिवस वाळत नाहीत, तिथे वेगळं काय होणार?

पाणी मिसळलं की उत्कलनबिंदू उतरतो. डॉट 4 प्रतीच्या नव्या द्रवाचा उत्कलनबिंदू किमान 230 अंश सेल्सिअस असावा लागतो, सुमारे 3.7 टक्के पाणी शिरल्यावर ही किमान मर्यादा 155 आहे. डॉट 3 साठी हेच आकडे 205 आणि 140.

आता उष्णतेचा हिशेब करू. ताशी 60 किलोमीटर वेगातली गाडी थांबवताना ब्रेक जेवढी ऊर्जा खातात, तिच्या जवळपास 50 पट ऊर्जा 700 मीटर खाली उतरताना मोकळी होते. (वही घ्या, गतिज आणि स्थितिज ऊर्जेची सूत्रं मांडून बघा, वस्तुमान दोन्हीकडून कटतं.) इंजिनने त्यातला वाटा उचलला नाही, तर बहुतेक सगळा भार ब्रेकवर येतो. कॅलिपरजवळचं द्रव उकळतं, वाफेचे बुडबुडे होतात. द्रव दाबलं जात नाही, वाफ दाबली जाते. म्हणून पाय खाली जातो, पण चाकापर्यंत दाब पोचत नाही. थंड झालं की वाफेचं पुन्हा पाणी, आणि पुरावा गायब!

मग निवड कशी करायची?

टाकीच्या झाकणावर किंवा गाडीच्या पुस्तिकेत प्रत लिहिलेली असते. तीच घ्या. डॉट 3 च्या जागी डॉट 4 सहसा चालतं, उलट करू नका. डॉट 5 सिलिकॉनचं असतं, ते या दोन्हींत मिसळायचं नाही. डॉट 5.1 मात्र ग्लायकॉलचंच. नावावरून फसू नका. इंजिन ऑइल चुकूनही नको, रबरी सील फुगून खराब होतात. सीलबंद लहान बाटली घ्या. मागच्या वर्षीची अर्धी उरलेली बाटली कपाटातच ओल धरते.

बदलताना

बहुतेक कंपन्या साधारण दोन वर्षांनी बदलायला सांगतात. टाकीतलं जुनं द्रव काढून नवं भरायचं. चाकाजवळच्या निपलला पारदर्शक नळी लावायची. एकाने पेडल दाबायचं, दुसऱ्याने निपल उघडायचं, आणि पेडल सोडण्याआधी बंद करायचं. नळीत स्वच्छ द्रव येईपर्यंत हेच. टाकी मध्येच रिकामी झाली तर हवा शिरते. चाकांचा क्रम पुस्तिकेप्रमाणे. एबीएस असलेल्या काही गाड्यांना यंत्र जोडावं लागतं. पहिल्यांदा करत असाल तर जाणत्या माणसासोबतच करा. रंगावर सांडलं तर लगेच पाण्याने धुवा. पातळी उतरली तर नुसतं भरू नका: पॅड झिजलेत की गळती आहे, ते आधी बघा.

संशोधनाशी काय संबंध?

"रंग बरा दिसतो" हा कच्चा पुरावा. पेनसारखं मापक विद्युतवाहकता मोजून पाण्याचा अंदाज देतं, तो त्याहून बरा. नमुना तापवून उत्कलनबिंदूच मोजणारं यंत्र सगळ्यांत थेट. आणि "ब्रेक लागतात" हे विधान खरं होतं, पण फक्त सपाट रस्त्यापुरतं. आमच्या गाडीची चार वर्षं परीक्षाच झाली नव्हती, आणि मी त्यालाच पास समजलो.

तुमच्या प्रस्तावात "आतापर्यंत अडचण आली नाही" असं वाक्य असेल, तर त्याच्याखाली लिहा: कोणत्या परिस्थितीत तपासलं? उत्तर सुचत नसेल, तर तुमचा घाट अजून यायचा आहे.

आमच्या गाडीच्या झाकणाला आता तारखेची चिठ्ठी आहे. तुमच्या गाडीचं ब्रेक ऑइल शेवटचं कधी बदललं, आठवतं का?