घाटमाथ्यावरून सातपुड्याच्या पायथ्याशी : जुन्या स्पोर्ट्‌स कारचा बुलढाण्यातील मार्ग

स्पोर्ट्‌स कार म्हणजे बहुधा दोनच माणसांसाठी बांधलेली, बुटक्या बांध्याची, वजनाने हलकी आणि वळणावर चालकाच्या हाताला लगेच साथ देणारी मोटार होय. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या पंचवीस-तीस वर्षांत एमजी, ट्रायम्फ, जॅग्वार या ब्रिटिश कारखान्यांनी अशा मोटारी मोठ्या संख्येने घडवल्या. भारतात मात्र स्वातंत्र्यानंतर मोटारींच्या आयातीवर कडक निर्बंध आले आणि देशी कारखाने ॲम्बेसेडर, फियाट अशा कुटुंबाच्या मोटारी बनवत राहिले, त्यामुळे येथे उरलेली प्रत्येक जुनी स्पोर्ट्‌स कार हा एक जपण्याजोगा ठेवा ठरतो. अशा मोटारी भारतीय रस्त्यांवर लांब पल्ल्याने धावल्याचे ठळक उदाहरण म्हणजे १९६८ ची लंडन-सिडनी मॅरेथॉन ही शर्यत. २४ नोव्हेंबरला लंडनहून निघालेल्या मोटारींमध्ये एमजीबी आणि पोर्शे ९११ याही होत्या, दिल्लीहून मुंबई गाठल्यावर त्या बोटीने ऑस्ट्रेलियाला रवाना झाल्या आणि अखेरीस जिंकली ती हिलमन हंटर ही साधी, घरगुती वापराची मोटार. दूरच्या रस्त्यावर वेगापेक्षा टिकाऊपणा मोलाचा असतो, हे त्या निकालाने दाखवून दिले, आणि बुलढाणा जिल्ह्यासारख्या प्रदेशातून जुनी मोटार नेण्याचा विचार करताना तेच ध्यानात ठेवावे लागते.

या जिल्ह्याची रचना अशा प्रवासासाठी विलक्षण बोलकी आहे. दक्षिणेला मेहकर, लोणार, सिंदखेड राजा यांचे पठार, मध्ये अजिंठ्याच्या डोंगररांगेवर वसलेले बुलढाणा शहर, तिच्या उत्तरेला मलकापूर, नांदुरा, शेगाव या गावांची पूर्णा नदीच्या खोऱ्यातील सपाट काळी जमीन आणि त्याही पलीकडे जळगाव जामोद व संग्रामपूर तालुक्यांना टेकलेला सातपुडा, असे चार निरनिराळे प्रदेश दक्षिणेकडून उत्तरेकडे जाताना एका दिवसात ओलांडता येतात. यातील प्रत्येक प्रदेश मोटारीच्या वेगळ्या अवयवाची परीक्षा घेतो.

मुंबई किंवा नागपूरहून येणाऱ्याला मेहकरपर्यंत समृद्धी महामार्ग सोयीचा वाटतो. ७०१ किलोमीटरांच्या या मार्गाचा नागपूर-शिर्डी टप्पा ११ डिसेंबर २०२२ रोजी आणि अखेरचा टप्पा ५ जून २०२५ रोजी खुला झाला. मोटारींसाठी सपाट भागातील वेगमर्यादा ताशी १२० किलोमीटर आहे. नव्या मोटारीला तो वेग सहज पेलतो, परंतु ओव्हरड्राइव्ह, म्हणजे इंजिनाचे फेरे कमी करणारी जादा गिअरची सोय, नसलेल्या एमजीबीचे इंजिन त्या वेगाला मिनिटाला चार हजारांच्या आसपास फेरे घेत राहते आणि तासन्‌तास तशी धाव घेण्यासाठी पन्नास वर्षांपूर्वीचे इंजिन बनवलेले नसते. मंद चालावे, तर मागून भरधाव येणाऱ्या वाहनांचा धोका. म्हणून जुन्या मोटारीने जुना रस्ता धरणे हेच योग्य होय, आणि लोणारच्या सुमारे १.८ किलोमीटर व्यासाच्या उल्काविवरापासून मेहकर, चिखली, बुलढाणा असा जाणारा वळणावळणाचा रस्ता तिच्या स्वभावाला अधिक मानवतो.

निघण्यापूर्वी कायद्याची बाजू पाहणे आवश्यक आहे, कारण अनेक हौशी मालकांची गल्लत येथेच होते. जुलै २०२१ मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत दुरुस्ती होऊन पहिल्या नोंदणीला ५० वर्षे उलटलेल्या आणि मूळ रूपात राखलेल्या दुचाकी-चारचाकींसाठी ‘व्हिंटेज’ अशी स्वतंत्र नोंदणी सुरू झाली. तिचे नव्या नोंदणीचे शुल्क २०,००० रुपये असून क्रमांकात ‘व्हीए’ ही अक्षरे येतात. ही नोंदणी सन्मानाची असली तरी तिच्यासोबत बंधन येते, ते असे की अशी मोटार प्रदर्शन, तांत्रिक संशोधन, रॅली, इंधन भरणे व देखभाल एवढ्याच कारणांसाठी रस्त्यावर आणता येते. निव्वळ भटकंती त्यात बसत नाही. ज्याला असा प्रवास करायचा आहे, त्याने एक तर रीतसर रॅलीत भाग घ्यावा किंवा मोटारीची सामान्य नोंदणी चालू ठेवावी. सामान्य नोंदणीचे १५ वर्षांनंतर दर पाच वर्षांनी तपासणी करून नूतनीकरण करावे लागते.

बुलढाण्याहून मलकापूरकडे उतरताना राजूर घाट लागतो आणि येथे ब्रेकचा कस लागतो. जुन्या मोटारींपैकी अनेकांना ड्रम ब्रेक असतात, म्हणजे चाकासोबत फिरणाऱ्या पोकळ ढोलाच्या आतल्या बाजूला घासपट्ट्या दाबल्या जाऊन गती कमी होते. उतारावर सतत पाय दाबून ठेवला तर ढोल तापतो, घासपट्ट्यांची पकड सुटते आणि ब्रेक असून नसल्यासारखा होतो. यावरचा उपाय एसटीचे जुने चालक नेहमी पाळत आले आहेत : ज्या गिअरमध्ये घाट चढला असता, त्याच गिअरमध्ये तो उतरावा, इंजिनालाच मोटार रोखू द्यावी आणि ब्रेक अधूनमधून, थोडाच वेळ, दाबावा.

घाट संपताच हवा बदलते. खोऱ्यातला उन्हाळा विदर्भाच्या लौकिकाला साजेसा कडक असतो आणि त्यात कार्ब्युरेटरच्या मोटारींना ‘व्हेपर लॉक’ हा विकार जडतो. कार्ब्युरेटर म्हणजे पेट्रोल आणि हवा यांचे मिश्रण करून इंजिनाला पुरवणारे यंत्र. त्याच्याकडे जाणारी नळी इंजिनाच्या धगीने तापली की आतल्या पेट्रोलची वाफ होते, पंपाला वाफ पुढे ढकलता येत नाही आणि मोटार भर रस्त्यात निपचित पडते. अशा वेळी बॉनेट उघडून, नळीवर ओले फडके गुंडाळून वाट पाहण्याखेरीज इलाज नसतो. त्यात आता पंपांवर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते आणि ते जुन्या रबरी नळ्या व वॉशर हळूहळू मऊ करून खाते, म्हणून प्रवासापूर्वी या सर्व नळ्या इथेनॉल सोसणाऱ्या रबराच्या बसवून घेणे केवळ इष्ट नव्हे, तर अत्यावश्यक आहे. पेट्रोलची गळती आणि तापलेले इंजिन एकत्र आले की आग लागते. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हाच या मार्गाचा खरा हंगाम.

मलकापूर, नांदुरा, खामगाव यांना जोडणारा राष्ट्रीय महामार्ग ५३, म्हणजे पूर्वीचा ६ क्रमांकाचा रस्ता, अवजड मालमोटारींनी गजबजलेला असतो. ट्रकच्या टपाइतकीही उंची नसलेली, चाकाच्या बरोबरीने धावणारी स्पोर्ट्‌स कार त्यांच्या चालकांना आरशात दिसतेच असे नाही, त्यामुळे दिवसाही दिवे लावून चालणे शहाणपणाचे. नांदुऱ्याची १०५ फुटी हनुमानमूर्ती मागे टाकून उत्तरेला जळगाव जामोदकडे वळले आणि पूर्णा ओलांडली की रहदारी विरळ होते आणि प्रवासाचे खरे सुख सुरू होते. पण येथे रस्त्याखालची जमीनच अडचणीची आहे. काळी कपाशीची माती पावसात फुगते व उन्हाळ्यात आकसून भेगाळते, तिच्यावरचा डांबरी थर लाटांसारखा वरखाली होतो, आणि एमजीबीसारख्या जमिनीपासून जेमतेम पाच इंच उंच असलेल्या मोटारीची धुराडी नळी अशा उंचवट्यांवर किंवा गावातल्या गतिरोधकांवर घासते. गतिरोधक तिरका ओलांडला तर बहुतेक वेळा पोट वाचते.

पाण्याचा प्रश्न याहून नाजूक. पूर्णेच्या दोन्ही तीरांवर अमरावती, अकोला आणि बुलढाणा या जिल्ह्यांत पसरलेला खारपाणपट्टा, म्हणजे भूगर्भातील पाणी क्षारयुक्त असलेला प्रदेश, माणसांना आणि शेतीला पिढ्यान्‌पिढ्या छळत आला आहे. तेच पाणी रेडिएटरमध्ये ओतले तर पितळी नळ्यांत क्षारांचे थर साचतात, पाणी फिरेनासे होते आणि इंजिन तापते. म्हणून तापलेल्या मोटारीला जवळच्या हापशाचे पाणी पाजण्याचा मोह आवरून डिस्टिल्ड पाण्याचे कॅन सोबत बाळगावेत.

सातपुड्याच्या पायथ्याशी, अंबाबरवा अभयारण्याच्या बाजूला, आदिवासी वस्त्या आणि साग-सालईचे जंगल सुरू होते तेथे गॅरेज दूर राहतात. गावातल्या मिस्त्रीचा हात कितीही कुशल असला तरी त्याच्याकडचे पाने मिलिमीटरच्या मापाचे असतात आणि ब्रिटिश मोटारींचे नटबोल्ट इंची मापाचे, तेव्हा पान्यांचा संच स्वतःचाच हवा. १९६७ पूर्वीच्या अनेक ब्रिटिश मोटारींत बॅटरीचे धन टोक सांगाड्याला जोडलेले असते, आताच्या पद्धतीच्या नेमके उलट. मिस्त्रीने बॅटरीला हात लावण्याआधी त्याला हे सांगितले पाहिजे, एरवी सवयीने केलेली जोडणी डायनामो, म्हणजे बॅटरी भारित करणारे यंत्र, निकामी करू शकते. तारांच्या आऱ्यांची चाके असतील तर त्यांत ट्यूब असते, आणि ट्यूबचे पंक्चर काढणारा हात मात्र या टोकाच्या गावांतही मिळतो.